सदतिसावं पाकीट

"सिस्टर, मान आणखी जरा डावीकडे," डॉ. अविनाश म्हणाले आणि तिसऱ्यांदा सुई टोचली.

सरोजिनीबाईंनी हिरलचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं होतं. भूल दिलेल्या त्या दोन वर्षांच्या पोरीला काही कळत नव्हतं, पण बाईंना प्रत्येक टोचणी स्वतःच्या मानेत लागत होती. सिरिंजमध्ये रक्ताऐवजी हवा आली. डॉक्टरांचा चेहरा पडला.

"फुप्फुसाला लागलं. मशीन घ्या."

मशीन तिथेच भिंतीशी उभं होतं. लहान मुलांच्या मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालायची ती हाताने खुणा चाचपून घालावी, की सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर बघून, हे डॉक्टर ताडून पाहत होते. कोणत्या मुलाला कोणती रीत, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवी. पाकिटं आकड्यांच्या क्रमानेच उघडायची, म्हणजे आपलं-परकं करायला जागा नको. पाकिटांची पेटी सरोजिनीबाईंच्या ताब्यात होती, कारण तीस वर्षांत त्यांनी नियम मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. घराणंच तसलं. पणजोबा बडोद्याच्या महाराजांच्या पागेत होते. हुकूम म्हणजे हुकूम.

तो हुकूम त्यांनी एकदाच मोडला, आदल्या दिवशी. शेजारच्या गंगाबाईंचा नातू मुकुंद टेबलावर यायचा होता. पोरगा बाईंच्याच मांडीवर वाढलेला. त्यांनी सदतिसावं पाकीट खिडकीच्या उजेडात धरलं. कागद पातळ, आतलं 'हात' वाचता आलं. अडतिसाव्यात 'मशीन' होतं. वरचे आकडे पेन्सिलीचे. बाईंनी ते खोडून अदलाबदल केले. मुकुंदची नळी मशीनवर पहिल्या टोचणीतच बसली. उद्या जे मूल येईल त्याचंही नीट होईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. उद्याच्या त्या मुलाला तेव्हा नाव नव्हतं, चेहरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूल बडोद्याजवळच्या सावली गावाहून आलं, आईच्या कडेवर बसून. आई, शारदाबेन, दारातच म्हणाली होती, "बेन, माथुं तमे ज झालजो. बीजाना हाथे ए बीए छे." डोकं बाईंनीच धरावं, दुसऱ्या कुणाच्या हाताला पोर घाबरते, एवढंच तिचं मागणं होतं.

मशीनने नळी बसली, पण ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. मग ताप चढला. पाचव्या दिवशी हिरल गेली.

निघताना शारदाबेन बाईंना शोधत आली. डोळे कोरडे पडले होते तिचे. "तमे माथुं झाल्युं'तुं ने बेन, एटले ए बीधी नहीं होय," ती म्हणाली. डोकं बाईंनी धरलं होतं म्हणून पोर घाबरली नसेल, एवढाच तिला दिलासा होता. बाईंचे तेच दोन हात तिने आपल्या कपाळाला लावले. बाईंना धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

त्या तशाच डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. "सर, ते पाकीट हिरलचं नव्हतं."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "ती तापाने गेली, सिस्टर. मशीनने टोचतानाही असं होऊ शकतं. कुणी सांगावं?"

"मला सांगता येत नाही, तेच तर झालंय, सर."

डॉक्टरांनी वही उघडली आणि दोन ओळींवर काट मारली. "ही दोन्ही मुलं आता हिशेबात धरता येणार नाहीत. पेटी ठेवून जा."

म्हणजे पोर जिवानिशी गेली आणि हिशेबातूनही गेली. बाईंनी पेटी टेबलावर ठेवली.

मुकुंद घरी आला त्या संध्याकाळी गंगाबाई शिऱ्याची वाटी आणि नातू, दोन्ही घेऊन आल्या. "सरूताई, बघा तरी. एवढासा ठिपका उरलाय. तुमचे हात लागले ना पोराला!"

बाईंनी मुकुंदचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. सवयीने मान जरा डावीकडे वळवली. ठिपका एकच होता.

"अगंबाई, रडताय काय? चांगला आहे की तो आता!"

मुकुंदला तो खेळ वाटला. खिदळत त्याने बाईंच्या हातांतून मान सोडवली आणि आपणच दुसऱ्या बाजूला वळवली.