खांद्यावरचा राजपुत्र

चित्रकाराला स्वतःच्या स्मरणशक्तीचा भारी तोरा. चष्मा कुठे ठेवला ते आठवायचं नाही, पण बालपण म्हणे लख्ख! त्याच भरात त्याने चित्र काढलं: बाबांचा हसरा चेहरा आणि त्यांच्या खांद्यावर ऐटीत बसलेला राजपुत्र, म्हणजे तो स्वतः.

ताई म्हणाली, "खांद्यावर बसून तुला बाबांचं तोंड कसं दिसलं रे? टक्कल दिसायला हवं."

"चित्रातलं तुला काय कळतंय!" म्हणत त्याने पुराव्यासाठी जुना फोटो हुडकला. खांद्यावर ताई होती. खाली बाबांची पँट धरून एक शेंबडा रडतराऊत वर बघत होता.

त्याने राजपुत्र खोडला, खाली रडतराऊत काढला. बाबांच्या चेहऱ्याला मात्र खोडरबर लागलं नाही. तो खालून दिसावा तसाच उतरला होता.