पंच क्रमांक दोन

"सुटलो बा," प्रभू कोर्टाच्या खोलीतून बाहेर येत म्हणाला आणि उपरण्याने त्याने मान पुसली.

हिंगोलीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात हैदर पिंजारी सकाळी दहापासून ताटकळत उभा होता. "काय इचारलं?" त्याने हळूच विचारलं.

"सही माझी हाय, बाकी कायी ठावं न्हाई, कोऱ्या कागदावर घेतली, म्हणलं. सरकारी वकील म्हणले, साक्षीदार फितूर झाला. होऊ दे फितूर. मला त्याच गावात हाटेल चालवायचंय." हैदरच्या नजरेला नजर न देता प्रभू जिना उतरून गेला.

पंच दोनच होते. एक गेला. आता जे काय होतं ते हैदरवर येऊन ठेपलं.

तो पंच झाला तोही काही निवडून नव्हे. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात खापरवाडीच्या एका मास्तरांच्या अंगणात तो गाद्या भरत बसला होता. आठ दिवसांपूर्वी त्या गावात खून झाला होता. संतराम नावाच्या मेंढपाळाची मेंढरं भागवतच्या हरभऱ्यात शिरली, बोलाचाली झाली, आणि संतराम कुऱ्हाडीच्या घावाने शेतातच गेला. घाव घालताना कुणी पाहिलं नव्हतं. भागवतला धरलं होतं, कुऱ्हाड सापडली नव्हती.

त्या सकाळी पोलिसांची जीप चौकात थांबली. पंच पाहिजेत, एवढा शब्द गावात पसरला आणि माणसं पाखरांसारखी उडाली. कुणाला शेत आठवलं, कुणाला सासुरवाडी. प्रभूच्या भट्टीवर दूध उकळत होतं, म्हणून तो सापडला. आणि हैदरच्या पुढ्यात अर्धा पिंजलेला कापूस उघडा पडला होता. वारं होतं. सोडून उठला असता तर कापूस गावभर झाला असता. तो खोळीत कापूस कोंबत राहिला आणि पोलीस येऊन डोक्यावर उभे राहिले.

"कुठला तू?"

"कळमनुरीचा, साहेब."

"या गावचा न्हाईस ना? मग बराबर आहे. चल."

ठाण्यात भागवत बाकावर बसला होता. साहेबांनी विचारलं तेव्हा तो दोघा पंचांसमोर म्हणाला, "कुऱ्हाड ठिवली ती जागा दाखवतो." जीप शेतात गेली. धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, तुरीच्या तुराट्यांचा ढीग होता. भागवतने वाकून तुराट्या बाजूला केल्या, आत हात घातला आणि कुऱ्हाड ओढून काढली. उठताना त्याचं लक्ष हैदरकडे गेलं. ठाण्यापासून त्याने एकदाही वर पाहिलं नव्हतं.

"चाचा," तो म्हणाला, "तुमी काहून आले?"



समन्स आलं ते तीन वर्षांनी, गेल्या महिन्यात. त्यानंतर चारच दिवसांनी भागवतचा बाप संपतराव हैदरच्या दारात आला. बरोबर कुणी नाही, हातात काही नाही. हैदर खापरवाडीत जायला लागला तेव्हापासून या माणसाच्या ओट्यावर दुपारची भाकर खात आला होता. हैदरच्या बायकोने, खतीजाबीने, चहा दिला. संपतरावने तो निवेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"हैदर, मी खोटं बोल म्हणत न्हाई."

"न्हाई, बापू."

"आठवत न्हाई, एवढंच म्हण. आपल्या वयाच्या माणसाला आठवत न्हाई. त्यात खोटं काय हाय?"

हैदर बोटांना चिकटलेला कापूस काढत राहिला.

"पोरगं तीन वर्सं आत हाय. त्याची माय जेवत न्हाई." एवढं बोलून तो उठला. धमकी नाही, आवाज नाही. धमकी दिली असती तर बरं झालं असतं, असं हैदरला नंतर कितीदा तरी वाटलं.

खतीजाबीने त्या रात्री आडपडदा ठेवला नाही. "याद नई, बोल दो. खापरवाडी गई तो उस बाजू के पाच गाव जाते. अपने कू फिरके खाना है." पण आज पहाटे तिने भाकरी बांधून दिली तेव्हा त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई बसली होती. अंगावर फिकट लुगडं, शेजारी गाठोडं. बराच वेळ ती हैदरकडे पाहत होती.

"तुमी पंच का, भाऊ?"

"व्हय."

"म्या चंद्रभागा. संतरामची."

हैदरने मान हलवली. ती आता हात जोडील, रडेल, याची त्याला धास्ती वाटली. तिने गाठोडं उचलून मांडीवर घेतलं. "बसा," ती म्हणाली. "सकाळपासून उभे हाव."

तो बसला. दोघंही समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. मग शिपायाने त्याच्या नावाचा पुकारा केला.

शपथ झाली. सरकारी वकिलांनी फार आशा न धरता विचारायला सुरुवात केली. पिंजऱ्यात भागवत उभा होता, वाळलेला, कानाजवळ केस पांढरे झालेले. मागच्या बाकावर संपतराव.

"पोलिसांनी तुम्हाला कुठं नेलं?"

आठवत न्हाई. दोन शब्द. प्रभूला असेच दोन जमले होते. त्याने कठड्याची लाकडी कड धरली.

"आधी ठाण्यात. मग शेतात."

वकिलांनी मान वर केली. "तिथं काय झालं?"

"भागवतनं तुराट्या सारल्या. कुऱ्हाड काढली."

लाखेची मोहर फोडून कुऱ्हाड पुढे ठेवली गेली. हीच, तो म्हणाला. तो माणूस इथे आहे का, या प्रश्नावर त्याने पिंजऱ्याकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं. "ते काय. लेकरू व्हता तवापासून वळखतो."

मग आरोपीचे वकील उठले. "वाचता येतं?"

"न्हाई. सही येते."

"पंचनामा तुम्हाला वाचून दाखवला होता?"

सरकारी वकील त्याच्याकडे रोखून पाहत होते. व्हय म्हणाला असता तर त्यांचं काम सोपं झालं असतं.

"न्हाई, साहेब. सही कर म्हणले, केली."

सरकारी वकिलांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे त्यात काय लिहिलंय, हे तुम्हाला माहीतच नाही."

"कागदात काय हाय ते मला ठावं न्हाई. मी कागदावरून बोलून न्हाई राहिलो. हातानं काढताना मी पाहिलं."

न्यायाधीशांनी दोन्ही गोष्टी लिहून घ्यायला सांगितल्या. हैदर बाहेर आला तेव्हा सरकारी वकीलही त्याच्याशी बोलले नाहीत.

निकाल पुढे चार महिन्यांनी लागला. खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरून भागवतला दहा वर्षांची शिक्षा झाली. पण त्या दिवशी संध्याकाळी बसस्टँडवर हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

नांदेडची बस भरून आली. हैदरला खिडकीची जागा मिळाली. शेजारची एकच रिकामी होती आणि सगळ्यात शेवटी संपतराव चढला. तो थोडा वेळ दांडा धरून उभा राहिला. बस वळणावर कलली, तेव्हा बसला. खांद्याला खांदा लागत होता. खापरवाडीच्या फाट्यापर्यंत अर्धा तास तसाच गेला.

फाट्यावर तो उठला आणि ब्रेकच्या हिसक्याने कोलमडला. हैदरने दंड धरला. संपतरावने तो झटकला नाही. तोल सावरेपर्यंत धरू दिला, मग सोडवून घेतला.

"साधनाचं लगीन ठरलंय," तो पुढे बघतच म्हणाला. साधना त्याची नात. "गाद्या नांदेडहून आणायलोत. तू वाट पाहू नको."

"बराबर हाय, बापू."

तो एकेक पायरी चाचपत उतरला. कंडक्टरने घंटी दिली. मागे उभी असलेली एक बाई कडेवरचं मूल सावरत पुढे आली. "इथं कोनी हाय का?"

"व्हते," हैदर म्हणाला. "उतरले." आणि तिला जागा व्हावी म्हणून तो खिडकीकडे सरकला.