बदकाच्या जोडीचा पेला

संध्याकाळच्या मेजवानीचे यजमान आदल्या दिवशी चव घेऊन गेले होते. त्यांनी हौसेने ठरवलेली गडद लाल वाईन हॉटेलवाल्या बाईंच्या बदकाबरोबर कडू लागली. तेव्हा रश्शातले सोया सॉस आणि चक्रीफूल निम्मे करावे, नाहीतर मेजवानी दुसरीकडे जाईल, असा त्यांचा निरोप घेऊन बाईंचा थोरला मुलगा सकाळीच आईपुढे उभा राहिला.

बाईंनी पातेल्यावरचे झाकण उचलले. आले, दालचिनी आणि खडीसाखर यांच्या संगतीत मंद आचेवर मुरलेले बदक काळसर तांबडे झाले होते. या पातेल्याच्या जोरावर त्यांनी हे हॉटेल उभे केले होते. कुणाच्या बाटलीपुढे त्याने मान तुकवावी, हे त्यांच्या गळी उतरणारे नव्हते.

"चक्रीफुलाची एक पाकळीही कमी होणार नाही," त्या म्हणाल्या. "मेजवानी गेली तर जाऊ दे."

सुनेचा चेहरा उतरला. पेयांचा कारभार तिच्याकडे नुकताच आला होता आणि पहिलीच मोठी मेजवानी हातची चालली होती. पण तिने ना सासूची बाजू घेतली, ना नवऱ्याची. चमचाभर रस्सा चाखला, वर लाल वाईनचा घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"रस्सा खारट-गोड, ही तुरट," ती नवऱ्याला म्हणाली. "यांचा संसार व्हायचा कसा?"

मग तिने एकेक बाटली उघडली. बिअरने तोंड स्वच्छ केले, पण रश्शाची चवही धुऊन नेली. कोरडी पांढरी वाईन खडीसाखरेपुढे नुसतीच आंबट लागली. अखेर गार, किंचित गोडसर पांढरी वाईन तिच्या मनास आली. न पिणाऱ्यांसाठी तिने भाजक्या जवाचा चहा गार करून ठेवला आणि वाईनचा पेला सासूबाईंपुढे धरला.

बाईंनी घास घेतला, घोट घेतला. चक्रीफूल तसूभर हटले नाही; बदकाची चरबी मात्र जिभेवरून अलगद उतरली. त्यांनी दुसरा घोट घेतला. त्या घरात याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचे ऐकिवात नव्हते.

दुपारी यजमान आले, सुनेने निवडलेल्या पांढऱ्या वाईनबरोबर बदक जेवले, रस्सा पुन्हा मागून घेतला. तरी लाल वाईनवाचून शान कसली, हे पालुपद सुटेना. थोरला मान डोलावणार, इतक्यात सून म्हणाली, "लाल वाईन देऊ की. बदकाची ताटं उचलल्यावर."

यजमान बाईंकडे वळले. शेवटचा शब्द इथे कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होते.

"माझ्याकडे काय बघता?" बाई म्हणाल्या. "पातेलं माझं, पेला तिचा. तिनं सांगितलं ते झालं."

सासू-सून एक झाल्यावर आपली डाळ शिजत नाही, असे हसत कबूल करून यजमानांनी मेजवानी पक्की केली. ते गेल्यावर बाईंनी थोरल्याकडे पाहिले.

"नुसता बघतोस काय? ती सांगते त्या बाटल्या बर्फात ठेव."