डॉक्टर झिकोस यांची तिसरी निवडणूक

लाम्ब्रोस झिकोस मुळात गुरांचा डॉक्टर. राजकारणात तो शिरला तो कालोवृसी गावातल्या पाटाच्या पाण्यावरून. दोन आळ्या एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या, आणि दोन्हीकडच्या शेळ्यांना हात लावलेला माणूस हा एकटाच. त्याने भांडण मिटवलं, लोकांनी त्याला गावाचा प्रमुख केलं. तिथून चढत चढत तो ग्रीसमधल्या एपिरस प्रांताचा गव्हर्नर झाला. पहिल्यांदा काठावर निवडून आला, दुसऱ्यांदा दणक्यात. तिसऱ्यांदा मात्र एलेफ्थेरिया गूसिया या इंजिनियर बाईने त्याला पहिल्याच फेरीत चीत केलं.

निकालानंतर सकाळी त्याची बायको फोटिनी दबकतच स्वयंपाकघरात आली. तो पावाला मध लावत बसला होता.

"झोप लागली का?"

"नऊ वर्षांत लागली नव्हती अशी."

"आणि मी कालपासून तुझी समजूत कशी घालायची याचे शब्द जुळवतेय."

तरी फोन वाजायचा थांबला, तेव्हा त्याला लागलंच. काल-परवापर्यंत पुढेपुढे करणारे बाजारात तो दिसला की भाजी निरखायला लागले. फोटिनीने मग माळ्यावरून त्याची जुनी औषधांची बॅग काढली, पुसली आणि दारापाशी ठेवली. आठवड्याभरात तो गोठ्यांतून हिंडायला लागला.

हिवाळ्यात मेंढ्यांवर साथ आली. एक दिवस एलेफ्थेरिया स्वतः त्याच्या घरी आली.

"डॉक्टर, लस आलीय, पण वरच्या गावांतले धनगर माझ्या माणसांना मेंढवाड्यात पाऊल टाकू देत नाहीत. लसीने गाभण मेंढ्या गाभडतात म्हणे."

"माझ्याही माणसांना देत नव्हते."

"मग तुम्ही काय करायचात?"

"मी स्वतः जायचो. चला, बूट आहेत का चांगले?"

कालोवृसीला थनासिस म्हातारा वाड्याच्या फाटकात काठी आडवी धरून उभाच होता.

"आता हिचा नोकर झालास काय रे, लाम्ब्रो?"

"मेंढ्यांचा झालोय. काठी बाजूला घे, काका."

"एक मेंढी जरी गाभडली तर?"

"तर माझ्या दारात आणून टाक. घर ठाऊक आहे तुला."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि फाटक उघडलं. लाम्ब्रोस सुई चालवत गेला. एलेफ्थेरियाने कोट काढला आणि मेंढ्या धरल्या. दोनदा आपटली, पण हटली नाही. लाम्ब्रोसला ती तिथे पहिल्यांदा आवडली.

दुपारी थनासिसच्या बायकोने पालेभाजी भरून भाजलेली पिता नावाची जाड पोळी आणि ताक पुढे केलं. एलेफ्थेरिया म्हणाली, "प्रांताचे सल्लागार व्हा, डॉक्टर. ऑफिस देते, गाडी देते."

"गाडी माझ्याकडे आहे. ऑफिसात मेंढ्या येत नाहीत."

थनासिस खुसखुसला. "खरं सांगू लाम्ब्रो? मी या खेपेला तुला मत दिलं नाही."

"का? रस्ता करून दिला ना तुला?"

"रस्ता झकास आहे. पण तू खुर्चीत बसलास आणि माझ्या खेचरांना बघायला शहरातून तो चष्मेवाला यायला लागला. खेचर पुढून चावतं की मागून लाथ घालतं, एवढंही त्याला कळेना. आख्ख्या गावाने ठरवलं, आपला डॉक्टर परत आणायचा."

एलेफ्थेरियाचा घास हातातच राहिला. "म्हणजे मी निवडून आले ते..."

"तुमचीही मतं होतीच की, बाई," म्हातारा समजुतीने म्हणाला.

लाम्ब्रोस हसता हसता ताकाचा ठसका लागून लाल झाला. मग तोंड पुसून उठला. अजून तीन वाडे राहिले होते. एलेफ्थेरियाने न सांगताच बॅग उचलली आणि दोघं चढाला लागले.