गवताचा पुठ्ठा

धाकट्या बाईंनी अन्नसाखळीचा खेळ तयार केला तो घरी, जेवणाच्या टेबलावर, नवऱ्याची कुरकुर ऐकत. गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि घार असे पुठ्ठे कापून रंगवले आणि लोकरीचा एक लांब धागा घेतला. वर्गात मुलं पुठ्ठे गळ्यात घालून रांगेत उभी राहायची आणि तो धागा एका बोटावर नुसता टेकवायची. गवत खाली बसलं की धागा ओढला जाई. ओढ जाणवली की नाकतोडा बसे, मग बेडूक, मग साप, आणि शेवटी तोऱ्यात उभी असलेली घारसुद्धा. गवत संपलं की सगळेच उपाशी, हे त्या चिमुरड्यांना वेगळं सांगावं लागत नसे.

धागा बोटावर नुसता टेकवायचा, ही त्यातली मेख. घट्ट धरला तर कोणीतरी पडणारच.

गवत नेहमी टिल्ली व्हायची. वर्गात सगळ्यांत बुटकी, आणि दिसेल ते बोलून मोकळी होणारी. "बाई, तुमच्या स्वेटरला भोक आहे," असं ती भर वर्गात सांगायची, आणि भोक असायचंच.

धाकट्या बाई इतकी वर्षं घासूनही हंगामीच होत्या. कायम व्हायचं तर थोरल्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकेची, शिफारस हवी. शाळा तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार असं ठरलं, तशा थोरल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "हा खेळ मीच घेते गं. तू मागे उभी राहा. तुझ्या नावाचं मी बघते."

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. धाकट्या बाईंनी पुठ्ठे आणि धागा त्यांच्या हवाली केला.

तपासणीच्या सकाळी धागा पोरांच्या बोटांवरून सारखा घसरत होता. ते थोरल्या बाईंना गबाळं वाटलं. त्यांनी एकेकाच्या मनगटाला करकचून गाठ मारली.

"ताई, गाठ नको. पोरं पडतील," धाकट्या बाई जवळ जाऊन पुटपुटल्या.

"तू मागे हो."

साहेब आले, मागच्या बाकावर टेकले. खेळ सुरू झाला. टिल्ली शिकवल्याप्रमाणे धपकन खाली बसली. नाकतोडा हिसका बसून तिच्या अंगावर आला, बेडूक त्याच्यावर, आणि साप टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला. त्याची हनुवटी फुटली. रक्त, रडारड, नुसता गोंधळ.

"ही कल्पना कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"हिची," थोरल्या बाई म्हणाल्या. त्या खेळाला धाकट्या बाईंचं नाव लागलं ते असं.

"पण गाठी थोरल्या बाईंनी मारल्या," जमिनीवरून टिल्ली म्हणाली. "आमच्या बाई नको म्हणत होत्या."

साहेबांनी धाकट्या बाईंकडे पाहिलं. थोरल्या बाईंनीही पाहिलं. नोकरी कुणाच्या हातात आहे, हे त्या नजरेत स्वच्छ लिहिलेलं होतं.

"नाही साहेब. गाठी मारायला मीच सांगितलं होतं."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर मीही त्यांना माफ केलं असतं. पोट कुणाला नाही? पण साहेब अजून टिल्लीकडेच बघत होते.

"तिला मनाचं रचून सांगायची सवय आहे," धाकट्या बाई म्हणाल्या. "टिल्ली, खोटं बोलू नये. सॉरी म्हण."

टिल्ली त्यांच्याकडे बघत राहिली. गाठ अजून मनगटावर तशीच होती. मग ती सॉरी म्हणाली.

"चूक कबूल करणारी माणसं हल्ली मिळतात कुठे," असं म्हणत साहेब खूश होऊन गेले. थोरल्या बाईही शब्दाला जागल्या. धाकट्या बाई कायम झाल्या.

कायम झाल्यावर पहिल्याच तासाला त्यांनी ते पुठ्ठे पुन्हा बाहेर काढले.

"टिल्ली, तू सांग बघू. गवताला कोण खातं?"

टिल्ली उभी राहिली. उत्तर तिला पाठ होतं. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग बाईंच्या चेहऱ्याकडे.

"तुम्ही सांगाल ते, बाई," ती म्हणाली.