येर्रकुंट्यातल्या मरळी

एकनाथरावांच्या गाडीच्या डिकीत जाळं आहे हे केशवरावांना कळलं एका सोमवारी सकाळी, तेही एकनाथरावांच्या बायकोने, सुशीलाबाईंनी, भाजीची पिशवी वर आणायला सांगितली म्हणून. पिशवीखाली निळं नायलॉनचं जाळं, शेजारी थर्माकोलचा मोठा डबा आणि डिकीभर मासळीचा वास. गळ टाकणाऱ्याच्या गाडीत जाळं सापडणं म्हणजे शाकाहारी माणसाच्या फ्रीजमध्ये कोंबडी सापडण्यासारखं. केशवरावांनी पिशवी उचलली, डिकी लावली, आणि जाता जाता टायरकडे नजर टाकली. टायरला लाल माती होती. सिकंदराबादेत लाल माती कुठून येणार?

"एकनाथराव दिसत नाहीत," वर आल्यावर ते शक्य तितक्या सहज म्हणाले.

"बँकेत गेलेत. काल दिवसभर वरंगलला होते, कोणाचा तरी साखरपुडा होता म्हणे," सुशीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चहा पुढे ठेवला. चहात साखर होती की नव्हती, हे केशवरावांना नंतर आठवेना. परवाच, शनिवारी, त्यांनी फोन करून तळ्यावर चलता का विचारलं होतं, तेव्हा एकनाथरावांचा गुडघा दुखत होता. शनिवारी दुखणारा गुडघा रविवारी साखरपुड्याला जातो, आणि वरंगलचा रस्ता तर पुढे तळ्याकडेच जातो!

ते तळं म्हणजे येर्रकुंटा. मुलुगूच्या पुढे जंगलात, हैदराबादहून गाडीने पाच तास आणि पुढे पायी दीड तास. बावीस वर्षांपूर्वी हे दोघं रस्ता चुकले आणि त्या काठावर जाऊन उभे राहिले. त्या दिवशी दुपारपर्यंत केशवरावांच्या गळाला चौदा मरळी लागल्या, एकेक हातभर लांब. सगळ्या त्यांनी पाण्यात परत सोडल्या, आणि तेव्हाच दोघांनी ठरवलं की इथली मासळी घरी न्यायची नाही आणि या जागेचं नाव कुणाला सांगायचं नाही. गळवाले बायकोला पगार सांगतील, पण जागा सांगत नाहीत. तळ्याच्या काठच्या वस्तीतला सम्मय्या तिथल्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. या दोन वेड्यांना तो ओळखून होता आणि गळ टाकू देत होता. पकडलेला मासा सोडून देणारी माणसं त्याने आधी पाहिली नव्हती.

केशवराव जामबागेतल्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. माणसापेक्षा आकड्यावर विश्वास जास्त. प्रत्येक खेपेला किती मरळी लागल्या, केवढ्या होत्या, पाण्यावर पिलांचे लाल घोळके किती दिसले, सगळं त्यांनी वहीत टिपलेलं. चौदा, बारा, पंधरा. मग नऊ. मग पाच. गेल्या हिवाळ्यात दोन. यंदा एक, तीही वीतभर, आणि पिलांचा घोळका एकही नाही. काठाला मात्र बारीक मासे भरपूर दिसत. ते पाहून केशवरावांना बरं वाटे, की चला, मरळीला खायला तर आहे. मग मरळी जातात कुठे, याचं उत्तर वहीत नव्हतं. ते आज डिकीत मिळालं होतं.

नल्लकुंट्याला घरी येईपर्यंत त्यांनी सगळा हिशोब मांडला. हैदराबादेत मरळीला केवढी मागणी! एकनाथरावांनी नुकतीच बाल्कनीला नवी जाळी बसवली. सुशीलाबाईंच्या हातात नवा मोबाइल. रेल्वेच्या पेन्शनीत काय काय बसतं?

"अहो, त्यांचा मुलगा अमेरिकेत आहे, पाठवला असेल मोबाइल," सत्यवतीबाई म्हणाल्या. बत्तीस वर्षं संसार केल्यामुळे नवऱ्याचा चेहरा पाहूनच त्यांनी कूकर बंद केला होता. "आणि इतकं वाटतंय तर सरळ विचारा की त्यांना."

"विचारलं की सावध होतील."

"सावध व्हायला ते काय दरोडेखोर आहेत? तुमचे दोस्त आहेत."

केशवरावांनी दुपारी फोन केला, पण सरळ विचारायला नाही. "एकनाथराव, येत्या रविवारी जायचं का येर्रकुंट्याला?" आवाज त्यांनी मुद्दाम आनंदी ठेवला.

"नको रे केशव. यंदा राहू दे. पाणी पार उतरलंय, उगाच तंगडतोड होईल."

केशवरावांनी फोन ठेवला. पाणी उतरल्याचं या माणसाला गुडघ्याला तेल चोळत घरी बसून कसं कळलं? त्यांना राग आला होता, पण रागाच्या खाली दुसरंच काही होतं. दोघं मिळून पन्नास-साठ वेळा त्या पायवाटेने चालले होते, एकाच डब्यातली भाकरी खाल्ली होती. ज्याच्यासोबत हे तळं जपलं त्यानेच ते पोखरलं असेल, तर आपल्याजवळ उरलं काय? तळंही गेलं आणि माणूसही गेला. हे त्यांना सहन होईना.

हैदराबादच्या गळवाल्यांचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप होता, 'शिकार-ए-संडे'. साठ माणसं, निम्मे दखनीत बोलणारे, निम्मे तेलुगूत, आणि सगळेच थापा मारणारे. केशवराव तिथे फारसं काही लिहीत नसत. त्या संध्याकाळी त्यांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने, सगळ्यांना कळेल अशा भाषेत लिहिलं: 'मुलुगू के आगे येर्रकुंटा है. बाईस साल से मैं और एकनाथराव वहाँ मछली पकड़ के छोड़ते थे. अब वहाँ जाल डल रा. जाल किस की डिकी में है, उन कू पूछो.'

दहा मिनिटांत चाळीस उत्तरं आली. कुणी तोबा तोबा म्हणालं, कुणी रडके चेहरे टाकले. एकनाथरावांनी काहीच लिहिलं नाही. ते ग्रुपमधून बाहेर पडले, एवढी एक ओळ तेवढी दिसली.

"पाहिलंस?" केशवराव सत्यवतीबाईंना म्हणाले. "निर्दोष माणूस भांडला असता."

सत्यवतीबाईंनी संदेश वाचला, पुन्हा वाचला, आणि मोबाइल त्यांच्यासमोर ठेवून उठल्या. "मला तर बाई भीती वाटतीये," एवढंच त्या म्हणाल्या.

आता पुरावा हवा होता. बुधवारी पहाटेची बस धरून केशवराव एकटेच निघाले. मुलुगूहून शेअर ऑटो, मग पायवाट. एकट्याने ती वाट पहिल्यांदाच चालत होते, आणि ती इतकी लांब आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. तळ्यावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. काठावर सम्मय्या आणि वस्तीतली दोन माणसं जाळं ओढत होती. बाहेर ताडपत्रीवर चमचमणाऱ्या माशांचा ढीग पडला होता. केशवराव त्या ढिगापाशी गेले आणि वाकून मरळ शोधू लागले. एकही मरळ नव्हती. सगळे चपटे, तळहाताएवढे, पाठीवर काटेरी कंगोरा असलेले मासे. चिलापी. तेलंगणात तिला जिलेबी म्हणतात.

"इतवार कू बड़ा जाल फट गया, साब," सम्मय्या म्हणाला. "एकनाथसाब का जाल. सिलाने कू ले गए. तो हमारा पुराना डाल रे."

"एकनाथराव इधर जाल डालते?"

"दो साल से. महीने में दो बार." सम्मय्याने एक जिलेबी उचलून दाखवली. "ये निकालने कू. ये किनारे में गड्ढे करती, घास उखाड़ती, अंडे खा जाती. मरळ कू बच्चे देने जगा नहीं. एकनाथसाब बोले, निकालेंगे, सब निकालेंगे. डब्बे में भर के मुलुगू पहुँचाते, पैसा सोसायटी कू देते. एक चाय नहीं पीते हमारा."

केशवरावांना थोडं हलकं वाटलं, आणि लगेच एक वाईट शंका आली. जंगलातल्या या तळ्यात ना ओढा येत होता ना कालवा. "ये जिलेबी यहाँ आई किधर से?"

सम्मय्याने मासा ढिगावर टाकला. तो त्यांच्याकडे पाहीना.

"बोलो ना, सम्मय्या."

"आप की बाल्टी से, साब."

काही क्षण केशवरावांना कळलंच नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. मरळीला जिवंत आमिष लागतं. एकनाथराव रबरी बेडूक वापरायचे, पण केशवरावांना ते खोटं वाटे. ते दर खेपेला रामनगरच्या मासळीबाजारातून पन्नासेक बारीक मासे बादलीत घालून आणत, वाटेत मरू नयेत म्हणून बॅटरीवरचा पंप लावून. दिवसभरात दहा-बारा लागत. उरलेल्यांचं काय करायचं? जीव आहे, मारायचा कशाला, म्हणून निघण्याआधी ते बादली पाण्यात हळूच उपडी करत आणि हात जोडत. जा बाबांनो. बावीस वर्षं ते या एका गोष्टीबद्दल स्वतःवर खूश होते. बाजारातला मासेवाला त्या माशांना छोटी मछली म्हणे. मोठी झाल्यावर ती कोण होते, हे गणिताच्या मास्तरांनी कधी विचारलं नव्हतं.

"मुझे बोले क्यों नहीं?" त्यांनी विचारलं.

"मैं बोलता था. एकनाथसाब नक्को बोले. बोले, केशव सुना तो शरम से आना छोड़ देता. तालाब साफ हुआ तो फिर दोनों आएँगे."

केशवराव तिथेच मातीत बसले. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. सम्मय्याने त्यांना पाणी दिलं, आणि ते पिऊन झाल्यावर जे सांगायचं होतं तेही सांगितलं. काल हैदराबादहून दोन गाड्या आल्या होत्या. सात माणसं, मोठमोठे गळ. कुठल्या तरी ग्रुपवर नाव वाचलं म्हणाले. जाताना दोन मरळी घेऊन गेले, पोटात अंडी असलेल्या. रविवारी आणखी येणार म्हणत होते. संध्याकाळी वस्ती बसली आणि निर्णय झाला: पाच वर्षं येर्रकुंट्यावर बाहेरच्या कुणीही यायचं नाही. वाटेवर आडवं लाकूड पडणार होतं.

"सब कू बंद, साब," सम्मय्या म्हणाला. "आप दोनों कू भी. क्या करें. नाम खुल गया."

नाव कुणी उघड केलं, हे त्याने विचारलं नाही. त्याला ते ठाऊक असावं.

परतीच्या बसमध्ये केशवरावांनी ग्रुपसाठी संदेश लिहायला घेतला. मुलुगूपासून वरंगलपर्यंत लिहिला आणि खोडला. शेवटी पाठवला तेव्हा जनगाव मागे पडलं होतं. लोकांनी अंगठ्याची, जोडलेल्या हातांची चित्रं टाकली. एकाने विचारलं, वो सब ठीक, पर लोकेशन भेजो साब.

गुरुवारी सकाळी ते सिकंदराबादला गेले. सुशीलाबाईंनी दार उघडलं, पण नेहमीसारखं 'या भाऊजी' म्हणाल्या नाहीत. नुसत्या बाजूला झाल्या. एकनाथराव खुर्चीत उप्पिटाची बशी घेऊन बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा बशीत पाहिलं.

"मी येर्रकुंट्याला जाऊन आलो," केशवराव उभ्या उभ्या म्हणाले. "सम्मय्याने सगळं सांगितलं. आणि तळं बंद झालं. पाच वर्षं. आपल्यालाही."

एकनाथरावांचा चमचा थांबला. "आत्ता मला एकाहत्तर पूर्ण झाली," मग ते म्हणाले. "म्हणजे शहात्तर. त्या वाटेने शहात्तरीत कोण चालतंय?"

"मी ग्रुपवर लिहिलं कालच. सगळं. चिलापी मी सोडली, तुम्ही काढत होतात, सगळं लिहिलं."

"मी नाही त्या ग्रुपमध्ये."

"हौ. ते... बसमध्ये लक्षात आलं नाही." केशवरावांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि उभे राहूनच सगळा संदेश वाचून दाखवला. आमिषाच्या माशांचं, बादलीचं, दोन वर्षांच्या जाळ्याचं. वाचताना दोनदा अडखळले. सुशीलाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन ऐकत होत्या.

एकनाथरावांनी बशी टीपॉयवर ठेवली. "माशांचं सगळं लिहिलंस," ते म्हणाले. "चांगलं लिहिलंस. मास्तर आहेस. पण माशांबद्दल मी तुला दोन वर्षांत एक शब्द बोललो का रे? मला त्याचं काही नव्हतं. माझी डिकी पाहून वर माझ्याच बायकोच्या हातचा चहा पिऊन गेलास, साठ माणसांत मला उभं केलंस, ते कुठे आहे त्यात?"

केशवरावांनी मोबाइल बंद केला. लिहिताना ते वाक्य त्यांनी वरंगलच्या अलीकडे दोनदा लिहिलं होतं आणि दोनदा खोडलं होतं. आता खोडायला काही नव्हतं.

"मी तुम्हाला चोर समजलो, एकनाथराव."

एकनाथरावांनी वर पाहिलं. डोळे भरले होते आणि राग जराही कमी झालेला नव्हता.

"परत म्हण," ते म्हणाले.

केशवरावांनी परत म्हटलं.