अडीच फूट फिल्म

फिल्म लॅबमधल्या बाईने फोनवर नंबर पुन्हा एकदा वाचून दाखवला आणि एल्डन प्रुइटने तो हातातल्या कागदाशी जुळवून पाहिला. नंबर बरोबर होता. त्या नंबरची निगेटिव्ह मार्चमध्येच नष्ट केली होती.

"तुमच्याच कंपनीचं पत्र आहे, साहेब," ती म्हणाली. "खाली सही आहे. ई. प्रुइट."

"मीच तो," एल्डन म्हणाला.

मग पत्राची प्रत पाठवू का, असं तिने विचारलं. एल्डन नको म्हणाला, त्याने आभार मानले आणि फोन ठेवला.

मार्चमध्ये त्याची बायको व्हर्ना हॉस्पिटलात होती. कंपनी विकायचं ठरत होतं आणि लॅबमधली जागा मोकळी करायची होती. ऑफिस सांभाळणाऱ्या मॉर्टने नको असलेल्या निगेटिव्हची चार पानी यादी सहीसाठी आणून दिली होती. यादीत नावं नव्हती, नुसते नंबर होते. नंबर कशाचा आहे ते पाहायला शेजारच्या खोलीत रजिस्टर होतं. पण भेटायची वेळ पाचला संपत असे. एल्डनने चारही पानांवर सही केली आणि तो हॉस्पिटलात गेला. एप्रिलमध्ये व्हर्ना वारली.

ऑलब्राइट टेलिव्हिजन ही कंपनी जुन्या मालिका गावोगावच्या स्टेशनांना भाड्याने देत असे. फिल्मचे डबे बसच्या पार्सलने एका स्टेशनकडून दुसऱ्याकडे जात आणि अधूनमधून लॉस एंजेलिसला एल्डनच्या खोलीत परत येत. तो फिल्म तपासायचा, फाटलेली जोडायचा आणि पुढच्या गावाला रवाना करायचा. बावीस वर्षं त्याचं हेच काम होतं. प्रत्येक भागाच्या शेवटी कंपनीची खूण यायची. अंधारात एका बाईचा हात येतो, टेबलावरच्या दिव्याची साखळी ओढतो, दिवा लागतो आणि त्या उजेडात कंपनीचं नाव दिसतं. चार सेकंद. मोजली तर अडीच फूट फिल्म.

तो हात व्हर्नाचा होता. ऑफिसात मॉर्टशिवाय आता कोणाला ते माहीत नव्हतं.

नव्या मालकांचं पत्र सोमवारी आलं. जुनी खूण सगळ्या प्रिंटवरून कापायची आणि त्या जागी त्यांची निळी चकचकीत अक्षरं जोडायची. हे काम अर्थातच एल्डनकडे आलं. पहिली पट्टी कापल्यावर तो ती हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मग मॉर्टकडे जाऊन एक घरी नेऊ का, असं त्याने विचारलं.

"एक कशाला, पोतंभर ने," मॉर्ट म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. हळू आवाजात तो म्हणाला, "फोटो असतील ना रे तिचे?"

फोटो होते. पण कॅमेरा समोर आला की व्हर्ना ताठ व्हायची आणि दुसरीच कोणीतरी दिसायची. एल्डनला तिला हलताना पाहायचं होतं. मुलाबाळांचं घर असतं तर कोणी घरगुती फिल्म काढली असती. त्यांच्या घरात ते झालं नव्हतं.

मंगळवारी आणि बुधवारी मिळून त्याने साठ पट्ट्या पाहिल्या. सगळ्यांवर ओरखडे होते. फिल्मचं शेवटचं टोक नेहमीच सगळ्यात वाईट असतं. रीळ संपलं तरी ऑपरेटर सिगरेट ओढत बसतो आणि टोक फटाफट आपटत राहतं. हाताच्या जागी नुसत्या रेघा दिसत होत्या. म्हणून गुरुवारी त्याने खुणेच्या मूळ निगेटिव्हसाठी लॅबला फोन केला होता.

लॅबचा फोन ठेवल्यावर त्याने मोंटानातल्या एका लहान स्टेशनला फोन लावला. तिथली फिल्मची खोली आर्लीन नावाची बाई बघायची. पंधरा वर्षं ती दोघं फोनवर बोलत होती. भेट कधी झाली नव्हती. फेब्रुवारीत एल्डनने तिला कोरी प्रिंट पाठवली होती आणि ती अजून परत आली नव्हती.

त्या प्रिंटचं शेवटचं टोक कसं आहे, असं त्याने विचारलं.

"मालकांना सांगणार नसशील तर सांगते," आर्लीन म्हणाली. "ते आम्ही लावतच नाही. तिथे साबणाची जाहिरात घुसवतो. डबा आला की टोक कापते, खिळ्याला टांगते आणि परत पाठवताना चिकटवते. तुला काय, कळलं नव्हतं?"

एल्डनला ते कधीचंच कळलं होतं. तिचा जोड फार साफ असायचा, म्हणून तो काही बोलला नव्हता.

"म्हणजे ती पट्टी मशीनमधून गेलीच नाही?"

"एकदाही नाही. ही बघ, समोर लोंबतेय. उद्या जाळायची आहे. पत्र आलंय, जाळल्याचा दाखला मागितलाय. दाखला! जसं काही मढंच आहे."

"जाळू नकोस," एल्डन म्हणाला. "त्यातला हात माझ्या बायकोचा आहे."

"अगंबाई," आर्लीन म्हणाली. "रोज बघते की मी तो. अंगठ्याला डाग आहे. मला वाटायचं, चुलीवरचं टाकून धावत आलीय बिचारी."

"कार्बन पेपरचा डाग आहे. ऑफिसात टायपिस्ट होती. ठरवलेली मॉडेल आली नाही, म्हणून तिलाच बसवलं."

"मग आता कशी आहे ती?"

"एप्रिलमध्ये गेली."

"पंधरा वर्षं बोलतोयस," आर्लीन म्हणाली. "कळवायचंस तरी."

पुढच्या बुधवारी कॉफीच्या डब्यात पट्टी आली. सोबत चिठ्ठी होती. जाळल्याचा दाखला मालकांना पाठवला आहे, तेव्हा हे तुला मिळालेलंच नाही, असं तिने लिहिलं होतं.

एल्डनने हातमोजे घातले, पट्टी खालून उजेड येणाऱ्या काचेवर पसरली आणि भिंग लावलं. एकही रेघ नव्हती. अंगठ्यावरचा डाग स्पष्ट दिसत होता. साखळी पूर्ण ओढली गेली होती, तरी पुढच्या सहा चौकटी अंधारच होता. दिव्याची साखळी खोटी होती. टेबलाखाली बसून बटण दाबायचं काम एल्डनकडेच दिलं होतं आणि त्याला उशीर झाला होता. तेव्हा त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. सातव्या चौकटीपासून तिचा हात उजेडात होता.

मॉर्ट दारातून डोकावला. प्रोजेक्टर मोकळा आहे, लावायचं का, असं त्याने विचारलं. एल्डन म्हणाला, आधी नक्कल काढून घ्यायला हवी, एकदा चालवली तरी रेघ पडते. ते खरंच होतं. मॉर्टने मान हलवली आणि तो गेला.

उरलेल्या प्रिंट कापायला त्याला आणखी दोन आठवडे लागले. नवी निळी खूण आता सगळीकडे लागते. नक्कल त्याने अजून काढून घेतलेली नाही. पट्टी अजून चालवून पाहायची आहे, आणि तेवढं बाकी असलेलंच त्याला बरं वाटतं.